दाबाची कसोटी

दोरीचे बळ अजमावायचे असेल तर ती तुटेपर्यंत ओढून पाहावी. जेवढ्या भाराला ती तुटली तेवढे तिचे बळ. बारीक काठीचे बळ मात्र असे सरळ मोजता येत नाही. काठी जमिनीवर उभी टेकवून वरून दाबली तर ती चिरडली जात नाही. ती एका बाजूस बाक घेते आणि बाक वाढता वाढता मोडते. ओढणे आणि दाबणे या क्रिया केवळ दिशेने एकमेकींच्या उलट आहेत असे वरवर पाहता वाटते. परंतु पदार्थाच्या लेखी त्या दोन अगदी निराळ्या परीक्षा होत. ओढलेली वस्तू आपणहून सरळ होत जाते. दाबलेली वस्तू संधी सापडताच वाकडी होऊ पाहते. म्हणून ताणाखालचे सामर्थ्य हा बहुतांशी पदार्थाचा स्वतःचा गुण असतो, तर दाबाखालचे सामर्थ्य त्याला आजूबाजूने कोण आणि कसे धरून ठेवते यावर अवलंबून राहते. हा भेद उमजण्यास मनुष्याला दीर्घ काळ लागला. काच आणि कार्बन यांचे तंतू राळेत बसवून जे नवे संमिश्र पदार्थ विसाव्या शतकात निर्माण झाले, त्यांच्या बाबतीत तर हा धडा पुन्हा प्रारंभापासून शिकावा लागला.

दोन भिन्न स्वभावांचे पदार्थ एकत्र आणून तिसरा, दोघांहून उपयुक्त पदार्थ बनविण्याची कल्पना नवी नाही. मातीच्या भिंतीत पेंढा कालवणाऱ्या शेतकऱ्याला ती ठाऊक होती. पेंढा भेगांना आवर घालतो आणि माती पेंढ्याला जागच्या जागी धरते. बांबू आणि लाकूड हे तर निसर्गाने घडविलेले संमिश्र पदार्थच आहेत. सिमेंट, वाळू आणि खडी यांचे काँक्रीट हेही त्याच जातीचे. बांधकामावर काँक्रीटचे घन पाडून, ते अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवून, नंतर यंत्राखाली दाबून फोडतात, हे अनेक श्रोत्यांनी पाहिले असेल. ही दाबाची परीक्षा सोपी आहे, कारण घन बुटका असतो. त्याला वाकण्यास जागाच नसते. अडचण उत्पन्न होते ती लांब आणि बारीक अवयवांच्या बाबतीत. तंतूंपासून बनविलेल्या पदार्थात तर लक्षावधी अवयव असे लांब आणि बारीकच असतात.

लांब अवयवांच्या दाब-परीक्षेचा पद्धतशीर आरंभ हॉलंडमध्ये झाला. विद्युत् साठविणाऱ्या लायडेनच्या बरणीशी ज्याचे नाव जोडले गेले आहे, त्या पीटर व्हान मुशेनब्रूक या प्राध्यापकाने पदार्थांची परीक्षा करण्यासाठी यंत्रे तयार केली होती. लाकडी दांडे दाबून मोडण्याचे त्याचे प्रयोग १७२९ साली प्रसिद्ध झाले. दांड्याची लांबी दुप्पट केली तर तो जवळजवळ चतुर्थांश भारालाच वाकून मोडतो, असे त्यास आढळून आले. लाकूड तेच, जाडी तीच. केवळ लांबी वाढली आणि बळ घटले. पुढे १७४४ साली लिओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाने वाकणाऱ्या पट्टीच्या आकृतींचा विचार करताना हाच नियम गणिताने सिद्ध केला. ऑयलरच्या सूत्रात पदार्थाचे चिरडण्याचे बळ कोठेच येत नाही. त्यात येते ती पदार्थाची ताठरता, दांड्याची लांबी आणि त्याच्या छेदाचा आकार. याचा अर्थ असा की, लांब दांडा दाबाखाली मोडतो तो पदार्थ दुबळा असतो म्हणून नव्हे, तर सरळ राहणे त्यास अशक्य होते म्हणून.

ऑयलरचे गणित पुष्कळ काळ ग्रंथांतच राहिले. कापडगिरण्या आणि रेल्वेचे पूल यांसाठी लोखंडी खांबांची गरज वाढू लागली, तेव्हा मँचेस्टर येथील ईटन हॉजकिन्सन याने ओतीव लोखंडाच्या खांबांवर विस्तृत प्रयोग केले. ते १८४० साली रॉयल सोसायटीपुढे मांडले गेले. त्यांतील एक निष्कर्ष फार बोलका होता. एकाच मापाचे दोन लांब खांब घेतले, एकाची टोके गोल ठेवली आणि दुसऱ्याची सपाट घडविली, तर सपाट टोकांचा खांब सुमारे तिप्पट भार सहन करतो. खांब तोच, लोखंड तेच. पण टोके कशी टेकविली यावर उत्तर बदलले. दाबाच्या परीक्षेत यंत्र हा निःपक्षपाती साक्षीदार नसतो, नमुन्याला धरण्याची रीत हीच परीक्षेचा एक भाग होऊन बसते, हे हॉजकिन्सनच्या प्रयोगांनी उघड केले. सव्वाशे वर्षांनंतर कार्बन तंतूंच्या परीक्षकांना नेमका हाच अनुभव यायचा होता.

रॉबर्ट स्टीफन्सनने वेल्सच्या किनाऱ्यावर ब्रिटानिया पूल बांधावयास घेतला, तेव्हा विल्यम फेअरबेर्न आणि हॉजकिन्सन यांनी लोखंडी पत्र्याच्या पोकळ नळ्यांच्या प्रतिकृती भार घालून मोडून पाहिल्या. नळी खालच्या, ताण सोसणाऱ्या बाजूस तुटेल अशी अपेक्षा होती. परंतु पातळ पत्र्याच्या नळ्या वरच्या, दाब सोसणाऱ्या बाजूस सुरकुतून निकामी होऊ लागल्या. म्हणून पुलाचा वरचा भाग पेटीसारख्या कप्प्यांचा करण्यात आला आणि १८५० साली पूल वाहतुकीस खुला झाला. डेव्हिड किर्कॉल्डी या स्कॉटिश अभियंत्याने तर परीक्षा हाच व्यवसाय केला. सुमारे ११६ टन वजनाचे त्याचे आडवे यंत्र नमुना ओढू शके, दाबू शके, वाकवू शके आणि पिळूही शके. लंडनमधील साउथवर्क स्ट्रीटवर १८७४ साली उघडलेल्या त्याच्या परीक्षागृहाच्या दारावर ‘मते नकोत, वस्तुस्थिती हवी’ या आशयाचे बोधवाक्य कोरलेले आहे. कारखानदाराने आपल्या मालाची केलेली स्तुती आणि तिऱ्हाइताने केलेली परीक्षा यांतील अंतर समाजाने मान्य केल्याचे ते चिन्ह होते.

तरीही सर्वांत कठोर धडा अद्याप शिकावयाचा होता. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर क्वेबेकजवळ जगातील सर्वांत मोठ्या गाळ्याचा पूल उभारला जात होता. त्याचे खालचे प्रमुख अवयव प्रचंड दाब सोसणारे होते. असा प्रत्येक अवयव पोलादाच्या चार उभ्या फळ्यांचा असून त्या फळ्यांना तिरप्या पट्ट्यांच्या हलक्या जाळीने एकमेकींशी जखडले होते. भार फळ्या उचलणार होत्या. जाळीचे काम त्यांना केवळ सरळ आणि एकत्र ठेवण्याचे. म्हणून तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २७ ऑगस्ट १९०७ रोजी एका अवयवातील पाऊण इंचाचा बाक सव्वादोन इंचांवर गेल्याचे दिसून आले. जागेवरील अभियंता सल्ला घेण्यासाठी न्यूयॉर्कला गेला. आणखी भार घालू नये अशी तार तेथून निघाली, ती कारखान्याकडे. पुलावर ती पोहोचलीच नाही. २९ ऑगस्टच्या सायंकाळी, काम थांबण्याच्या सुमारास, पूल नदीत कोसळला. त्या वेळी पुलावर असलेल्या ८६ कामगारांपैकी ७५ मृत्युमुखी पडले. त्यांत कानावागे या वसाहतीतील मोहॉक जमातीचे ३३ पोलादकामगार होते. चौकशी आयोगाने त्या अवयवाची लहान प्रतिकृती यंत्रात दाबून पाहिली, तेव्हा जाळीचे रिव्हेट कातरून ती एकाएकी फुटली. फळ्यांचे पोलाद शेवटपर्यंत निर्दोष होते. त्यांना धरणारा आधार तुटला आणि फळ्यांचे सारे बळ व्यर्थ गेले.

क्वेबेकच्या पुलातील ही फळ्यांची आणि जाळीची रचना ध्यानात ठेवली म्हणजे तंतुमय संमिश्र पदार्थांचे मर्म सहज कळते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास काचतंतू राळेत बसवून पत्रे आणि कवचे बनविण्याची विद्या पुढे आली. जपानमध्ये ओसाका येथे अकिओ शिंदो याने १९६० च्या सुमारास कृत्रिम धाग्यापासून कार्बन तंतू काढले, आणि इंग्लंडमधील फार्नबरोच्या विमानसंशोधन संस्थेत विल्यम वॅट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली अतिशय ताठर आणि बळकट कार्बन तंतू सिद्ध केले. असा तंतू सुमारे सात सहस्रांश मिलिमीटर जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाइतका असतो. वजनाच्या मानाने ताणाखाली तो पोलादाला कितीतरी मागे टाकतो. परंतु एकटा तंतू दाबला तर तो रेशमाच्या धाग्यासारखा दुमडतो. त्याला सरळ उभे ठेवते ती भोवतालची मऊ राळ. ओढताना राळेचे काम दुय्यम असते. दाबताना मात्र सारी भिस्त तिच्यावर असते. तंतू म्हणजे क्वेबेकच्या फळ्या, आणि राळ म्हणजे ती हलकी जाळी.

बी. वॉल्टर रोझेन या अमेरिकन अभियंत्याने १९६५ साली हा विचार गणितात मांडला. राळेने धरलेले तंतू दाबाखाली लाटेप्रमाणे वाकतात अशी कल्पना करून त्याने दाखवून दिले की, पदार्थाचे दाबाखालचे बळ मुख्यतः राळ कातरबलाला किती विरोध करते यावर ठरते. उत्तर तत्त्वतः मार्मिक होते. परंतु प्रयोगात मिळणारे बळ त्याच्या आकड्यापेक्षा पुष्कळच कमी, अनेकदा चतुर्थांशाच्या आसपास भरे. ही तफावत कोठून येते याचा उलगडा अली आर्गॉन याने १९७२ साली केला. रोझेनने तंतू प्रारंभी अगदी सरळ धरले होते. प्रत्यक्षात ते कधीच तसे नसतात. तंतू अंथरताना आणि राळ घट्ट होताना त्यांना एकदोन अंशांचा तिरकेपणा येतोच. दाब पडला की हा तिरकेपणा वाढतो, राळ कातरली जाऊ लागते, आणि एका अरुंद पट्ट्यात सारे तंतू एकदम मुडपून मोडतात. उभे लाकूड दाबून फोडले असता त्याच्या अंगावर जी तिरपी चुणी उमटते ती याच प्रकारची असते. बर्नार्ड बुडियान्स्की याने १९८३ साली या विचाराला अधिक नेटके गणिती रूप दिले. एका अंशाचा तिरकेपणा डोळ्यांना दिसत नाही. पण दाबाच्या हिशेबात तोच निर्णायक ठरतो.

केवलार या नावाने प्रसिद्ध झालेल्या तंतूची कथा याहून उद्बोधक आहे. स्टेफनी क्वोलेक हिने अमेरिकेत १९६५ साली केलेल्या शोधातून तो जन्मास आला आणि गोळी अडविणाऱ्या चिलखतांमुळे जगाला परिचित झाला. पण राळेत बसवून तोच दाबला, तर ताणाखालच्या बळाच्या सुमारे पाचव्या हिश्शातच तो हार खातो. त्या तंतूतील रेणूंच्या साखळ्या लांबीच्या दिशेने अत्यंत बळकट, पण शेजारच्या साखळीशी सैल बांधलेल्या असतात. येथे आधाराची उणीव तंतूच्या बाहेर नसून तंतूच्याच पोटात असते.

हे सारे मोजावयाचे कसे, हा प्रश्न सिद्धांताहूनही चिकट निघाला. नमुना लांब घेतला तर तो काठीसारखा वाकतो, आणि मोजले जाते ते त्याचे वाकणे. आखूड घेऊन दोन्ही टोकांवर सरळ दाबला तर टोकांतील तंतू फाकतात. केरसुणी उभी धरून फरशीवर दाबली असता तिच्या काड्या फाकतात, तसाच हा प्रकार. मग नमुन्याचे मधले अंग यंत्रापर्यंत शाबूत राहते आणि परीक्षा होते ती केवळ टोकांची. यावर उपाय म्हणून टोकांना दाबण्याऐवजी नमुन्याच्या दोन्ही अंगांना पट्ट्या चिकटवून, त्यांना पाचरींच्या चिमट्यांत घट्ट धरून, बाजूंच्या पकडीतून भार आत पोहोचविण्याची युक्ती निघाली. सेलानीज कंपनीच्या शंकूच्या आकाराच्या पाचरींची ही रीत अमेरिकेत १९७५ साली प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. पण नमुन्याची जाडी किंचित कमीअधिक झाली की शंकू त्याच्या खोबणीत नीट बसेना. म्हणून शिकागो येथील इलिनॉय तंत्रसंस्थेच्या संशोधनकेंद्रात १९७७ च्या सुमारास सपाट पाचरींचे साधन तयार झाले. पुढे वायोमिंग विद्यापीठात टोके आणि बाजू या दोन्हींवर भार वाटून देणारे साधन निर्माण झाले, आणि २००१ साली त्यालाही प्रमाणाचा दर्जा मिळाला. या साधनांत तपासला जाणारा मधला मोकळा भाग जेमतेम अर्धा इंच लांबीचा असतो. त्याच्या दोन्ही पृष्ठांवर ताणमापक पट्ट्या चिकटवितात. दोहोंच्या वाचनात फार अंतर पडले तर नमुना दाबला न जाता वाकला असे समजून तो निकाल बाद करतात.

या परीक्षेत एक नाजूक मोहही दडलेला आहे. नमुना वाकडा बसला, टोके फाकली, पकड सैल राहिली, तर बळ कमीच भरते. बहुतेक चुका निकालाला खाली खेचणाऱ्याच असतात. तेव्हा जास्त आलेला आकडा खरा आणि कमी आलेला आकडा परीक्षेच्या दोषाचा, असे मानण्याकडे मनाचा कल होतो. या कलात तथ्य आहे; पण त्याची दुसरी बाजू विसरली जाते. उत्कृष्ट साधनात, निवडक सरळ तंतूंच्या, बोटभर नमुन्याने दाखविलेले बळ हे त्या पदार्थाचे सर्वोत्तम वर्तन होय. विमानाचा पंख किंवा पाणबुडीचे कवच इतक्या काळजीने धरलेले नसते, आणि त्यातील प्रत्येक थर इतका निर्दोषही नसतो.

विमान बांधणाऱ्यांनी ही दुसरी बाजू ओळखली. पंखावर एखादे अवजार हातातून निसटून पडले तर वरून खरचटल्याची खूणही दिसत नाही. आत मात्र थर एकमेकांपासून सुटतात. सुटलेला प्रत्येक थर पातळ आणि निराधार होतो आणि दाबाखाली चटकन बाक घेतो. अशा पत्र्याचे दाबाखालचे बळ निम्म्याहून कमी होऊ शकते. म्हणून नमुन्यावर मुद्दाम वजन टाकून, त्याला इजा करून, मग दाबून पाहण्याची परीक्षा रूढ झाली. निरोगी पदार्थ किती सोसतो यापेक्षा घायाळ पदार्थ किती सोसतो हे अधिक महत्त्वाचे, हा तिचा अर्थ. याच शिस्तीच्या बळावर, वजनाने जवळजवळ निम्मे संमिश्र पदार्थांचे असलेले बोइंग ७८७ हे प्रवासी विमान डिसेंबर २००९ मध्ये प्रथम उडाले. ४ जानेवारी २००१ रोजी बंगळुरात प्रथम उडालेल्या भारताच्या तेजस विमानाचे पंखही कार्बन तंतूंचेच आहेत.

ही शिस्त टाळली तर काय होते ते १८ जून २०२३ रोजी जगाने पाहिले. ‘टायटॅनिक’ या बुडालेल्या जहाजाचे अवशेष पाहण्यासाठी ‘टायटन’ ही लहान पाणबुडी उत्तर अटलांटिक महासागरात उतरली. ते अवशेष सुमारे ३८०० मीटर खोलीवर आहेत. तेथे दर चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ ३९० किलोग्रॅम भार पडतो, आणि तो सर्व बाजूंनी दाबणारा असतो. अशा खोलीवर जाणाऱ्या पाणबुड्यांची माणसे बसण्याची कोठी सामान्यतः टायटॅनियमसारख्या धातूची आणि गोल असते. ‘टायटन’ची कोठी कार्बन तंतूंच्या सुमारे तेरा सेंटिमीटर जाड नळकांड्याची असून दोन्ही टोकांना टायटॅनियमच्या वाट्या बसविल्या होत्या. ताणात अजिंक्य असलेला पदार्थ येथे पूर्णपणे दाबाच्या कामास जुंपला होता. पहिल्या नळकांड्यास २०१९ साली तडा गेल्याचे आढळल्यामुळे दुसरे बनविण्यात आले. ते एकेक इंच जाडीच्या पाच थरांनी, प्रत्येक थर स्वतंत्रपणे पक्का करून घडविले होते. कोणत्याही स्वतंत्र वर्गीकरण संस्थेची मान्यता या पाणबुडीला नव्हती. तज्ज्ञांनी २०१८ सालीच दिलेले इशारे बाजूस सारले गेले होते. १५ जुलै २०२२ रोजी एका फेरीहून वर येताना मोठा आवाज झाला आणि त्यानंतर ताणमापकांची वाचने बदलली. तरीही फेऱ्या चालू राहिल्या. शेवटच्या फेरीत कोठी आत दबून क्षणार्धात चूर झाली आणि आतील पाचही जण मरण पावले.

समुद्रतळावरून आणलेल्या तुकड्यांत तंतूंच्या सुरकुत्या, राळेतील पोकळ्या आणि सुटलेले थर आढळले. अमेरिकन तटरक्षक दलाने ऑगस्ट २०२५ मध्ये आपला अहवाल दिला; हा अपघात टाळता येण्याजोगा होता असा त्याचा निर्णय होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेथील वाहतूक सुरक्षा मंडळानेही निष्कर्ष मांडले. पुरेशा परीक्षा न केल्यामुळे या कवचाचे खरे बळ बांधणाऱ्यांना ठाऊकच नव्हते, असे मंडळाने नमूद केले. क्वेबेकच्या बाकाप्रमाणे येथेही आधार सुटत असल्याची खूण आधी मिळाली होती, आणि तेथल्याप्रमाणेच ती खूण वाचूनही काम थांबले नव्हते.

मुशेनब्रूकच्या लाकडी दांड्यापासून समुद्रतळावरील कार्बनच्या तुकड्यांपर्यंतचा हा इतिहास एका साध्या गोष्टीभोवती फिरतो. दाबाखाली बलवान अवयवाचे बळ त्याला धरून ठेवणाऱ्या दुबळ्या अवयवाइतकेच असते. पोलादाच्या फळीला पट्ट्यांची जाळी, तंतूला राळ, थराला शेजारचा थर, असा ज्याचा त्याचा आधार ठरलेला आहे. हा आधार पदार्थाच्या जाहिरातीत दिसत नाही, नकाशात त्याला क्वचितच मोठे अक्षर मिळते, आणि तो सुटू लागला तरी वरून सारे ठाकठीक भासते. त्याची खरी स्थिती सांगू शकते ती केवळ निःपक्षपाती परीक्षा. ती खर्चाची आहे, कंटाळवाणी आहे, तिच्यासाठी चांगला माल मुद्दाम मोडावा लागतो. पण यंत्रात मोडलेल्या नमुन्याचे मोल पैशांत चुकविता येते. परीक्षेवाचून सोडलेल्या पुलाचे आणि पाणबुडीचे मोल आजवर माणसांनीच चुकविले आहे.